वेढ्यातले बेट : पदक, पाव आणि त्रेचाळीस माणसे

माल्टाच्या ध्वजात दोन उभे पट्टे आहेत, एक पांढरा आणि एक लाल. पांढऱ्या पट्ट्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल किनारीचा एक करडा क्रूस दिसतो. कॅथलिक देश असल्यामुळे पाहणाऱ्याला तो धर्मचिन्ह वाटतो, पण ते एक पदक आहे. १५ एप्रिल १९४२ रोजी इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज याने ‘जॉर्ज क्रॉस’ हे शौर्यपदक कुणा एका माणसाला न देता सबंध बेटाला दिले. असे त्याआधी कधी घडले नव्हते. १९६४ साली माल्टा स्वतंत्र झाला, १९७४ साली प्रजासत्ताक झाला, १९७९ साली शेवटचे इंग्रज सैन्यही निघून गेले. पदक मात्र ध्वजावरून उतरले नाही. ते ठेवावे की काढावे यावर तिथे अजून अधूनमधून वाद होतात.

वसाहतीच्या प्रजेला तिच्या राज्यकर्त्याने दिलेले शौर्यपदक, हे वाक्यच आपल्यासारख्यांना थोडे टोचते. त्या टोचणीमुळेच मी गेली काही वर्षे माल्टाच्या वेढ्याबद्दल जे मिळेल ते वाचत आलो. मी इतिहासाचा पदवीधर नाही. मुंबईत एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत माझी उमेदीची वर्षे गेली आणि जहाज, माल, पावत्या हेच माझे शिक्षण. त्यामुळे युद्धाची पुस्तके वाचताना तोफांपेक्षा टनांच्या आकड्यांकडे माझी नजर आधी जाते. माल्टाच्या बाबतीत ती सवय उपयोगी पडली. या बेटाची लढाई विमानांनी लढली हे खरे, पण बेट जगणार की शरण जाणार, हे पिठाच्या पोत्यांवर आणि रॉकेलच्या पिंपांवर ठरले.

विमानांची कथा प्रसिद्ध आहे, म्हणून ती दोन ओळींत संपवतो. युद्ध सुरू झाले तेव्हा बेटावर ग्लॅडिएटर जातीची जुनाट, दुपंखी लढाऊ विमाने होती. ती फक्त तीन होती आणि त्यांची नावे श्रद्धा, आशा व करुणा अशी होती, असे पुढे घराघरांत सांगितले गेले. प्रत्यक्षात विमाने तीनपेक्षा जास्त होती आणि ती नावे मागाहून चिकटली. त्यांतल्या एकाचा सांगाडा आज व्हॅलेटाच्या सेंट एल्मो किल्ल्यातल्या युद्धसंग्रहालयात ठेवला आहे. मी तो पाहिला. विमान खरे, नाव दंतकथेतले.

आता नकाशा. माल्टा, गोझो आणि चिमुकले कोमिनो मिळून क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मे. १९४० साली लोकवस्ती सुमारे पावणेतीन लाख. उत्तरेला नव्वद-पंचाण्णव किलोमीटरवर सिसिली. नदी नाही, जंगल नाही, माती पातळ. खाण्याच्या बहुतेक वस्तू आणि इंधन तर सगळेच्या सगळे समुद्रावरून येई. भूमध्य समुद्राच्या मधोमध असल्यामुळे इंग्रजांना हे बेट हवे होते. आपल्याशीही त्याचा एक जुना संबंध आहे. १८७८ साली रशियाला धाक घालण्यासाठी डिझरायलीने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबई बंदरातून थेट माल्टाला नेऊन उतरवले होते. आपले सैन्य युरोपच्या दारात उभे करण्याची ती त्याची युक्ती होती.

१० जून १९४० रोजी इटलीने युद्ध पुकारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत पहिले बाँब पडले. सेंट एल्मोवर माल्टी तोफखान्याचे सहा जण ठार झाले, त्यांतला एक अवघा सोळा वर्षांचा. ग्रँड हार्बरच्या काठावर बिर्गू, बोर्मला आणि सेंग्लिया ही तीन दाट वस्तीची गावे आहेत. गोदी तिथेच, गोदी कामगारही तिथेच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत या गावांतून गाद्या, भांडी, देवांच्या तसबिरी घेऊन माणसे आतल्या खेड्यांकडे निघाली. हातगाड्या, घोडागाड्या, बाकीचे पायी. खेड्यांतल्या लोकांनी त्यांना घरांत घेतले. काही महिन्यांनी हल्ले विरळ झाले तशी पुष्कळ कुटुंबे परतली, आणि जानेवारी १९४१ मध्ये ‘इलस्ट्रियस’ हे जखमी विमानवाहू जहाज दुरुस्तीसाठी गोदीत असताना जर्मन विमानांनी याच तीन गावांचा चुराडा केला. त्यांचे लक्ष्य जहाज होते. जहाज निसटून अलेक्झांड्रियाला गेले, सेंग्लियाची घरे राहिली नाहीत.

माल्टाच्या लोकांना तारले ते त्यांच्या दगडाने. तिथला पिवळसर चुनखडक इतका मऊ की कुदळीने कोरता येतो आणि हवा लागली की टणक होतो. सगळे बेट याच दगडाने बांधले आहे. १९४१ पासून बेटभर भुयारे खोदली गेली. व्हॅलेटाजवळचा बंद पडलेल्या आगगाडीचा बोगदाही माणसांनी भरला. बिर्गूच्या संग्रहालयाखाली असे एक भुयार आज पाहता येते. पायऱ्या उतरून गेले की अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना कोरलेले कोनाडे, देवाच्या मूर्तीसाठी जागा, बाळंतिणींसाठी वेगळी खोली. ज्यांची ऐपत होती त्यांना सरकारच्या परवानगीने स्वतःपुरती खोली खोदून घेता येई. अशा काही खाजगी खोल्यांत जमिनीवर चक्क नक्षीच्या फरश्या बसवल्या आहेत. मेल्लीहा गावच्या भुयारातही त्या आहेत. बाँबवर्षावात, जमिनीखाली, ओल गळणाऱ्या दहा फुटी खोलीत कुणीतरी फरशी बसवून घेतली. मला त्या फरश्यांपुढून लवकर हलवेना. त्यात ऐट असेल, श्रीमंती-गरिबीतला भेद तर आहेच, पण घर सोडून आलेल्या बाईचा हट्टही असेल. भुयारांत खरूज झाली, क्षय पसरला, रात्रभर जपमाळ चाले. बाहेर उभ्या हिवाळ्यात १९४२ साल उजाडले आणि पुढे सलग १५४ दिवस असा एकही दिवस गेला नाही की हल्ला झाला नाही.

याच वर्षी फेब्रुवारीत जे घडले ते शौर्यकथांच्या पुस्तकांत बहुधा एखाद्या तळटीपेत असते.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. माल्टी ही भाषा मुळात अरबी वळणाची, लिपी मात्र रोमन. पण कोर्टाची, वकिलांची आणि सुशिक्षितांची भाषा शतकानुशतके इटालियन होती. इंग्रजांना ते खुपत होते. १९३४ साली इटालियन काढून तिच्या जागी माल्टीला इंग्रजीबरोबर राजभाषेचा दर्जा दिला गेला. शेतकऱ्याला आपल्या भाषेत न्याय मिळू लागला, ही त्यातली चांगली बाजू. पण हा बदल करण्यामागे लोकभाषेवरचे प्रेम किती आणि इटालियनवाल्यांचा काटा काढण्याची इच्छा किती, हे मराठी-इंग्रजी-हिंदीच्या वादांत वाढलेल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. इटालियन संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांचा एक राजकीय पक्ष होता. त्याचे नेते एन्रिको मित्सी. त्याच मताचे म्हणून ओळखले जाणारे सर आर्तुरो मेर्चिएका १९२४ पासून बेटाचे सरन्यायाधीश होते.

इटलीने युद्ध पुकारताच मेर्चिएकांना राजीनामा द्यायला लावले गेले. मित्सी आणि इतर अनेकांना स्थानबद्ध केले. हर्बर्ट गनादो हे कॅथलिक वृत्तपत्राचे संपादक, तेही आत गेले. या लोकांत वकील होते, धर्मगुरू होते, गोदीतले साधे कामगारही होते. कुणावरही खटला भरला नाही. दीड वर्ष हे चालले आणि मग सरकारने ठरवले की त्यांना बेटावर ठेवणेही धोक्याचे आहे, आफ्रिकेत पाठवू. स्वतःच्या जन्मभूमीतून, आरोपपत्राविना, हजारो मैलांवर.

९ फेब्रुवारी १९४२ रोजी हा ठराव कौन्सिलपुढे आला. माजी पंतप्रधान सर उगो मिफ्सूद विरोधात बोलायला उभे राहिले. ते कायद्याचे पंडित होते. बोलता बोलताच ते कोसळले आणि दोन दिवसांनी गेले. तरुण सभासद जॉर्ज बोर्ग ऑलिव्हिए यांनीही विरोध केला. बावीस वर्षांनी स्वातंत्र्य आले तेव्हा हेच गृहस्थ पंतप्रधान होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. १३ फेब्रुवारीला त्रेचाळीस माणसांना ‘ब्रेकनशायर’ या जहाजावर चढवले. भोवती बाँब पडत होते आणि समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या होत्या. इजिप्त, सुदान असे टप्पे घेत ते युगांडाला पोचले आणि १९४५ च्या मार्चपर्यंत तिथेच राहिले. जहाज गेल्यानंतर माल्टाच्या अपील न्यायालयाने ही हद्दपारी बेकायदा ठरवली. न्यायालय स्वतः वेढ्यात होते. बाहेर तोफा चालू असताना माल्टी न्यायाधीशांनी आपल्या सरकारला तुमचे चुकले असे लिहून दिले, हे मला त्या वर्षातल्या कुठल्याही हवाई लढतीइतकेच धैर्याचे वाटते. निकालाने कुणी परत आले नाही ते सोडा.

१९०७ साली लाला लजपतरायांना १८१८ च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना मंडालेला नेले होते. हत्यार तेच, म्यान वेगळी. तरीही इथे घाईने निकाल देऊ नये असे मला वाटते. समोर मुसोलिनी होता, रोज माणसे मरत होती, आणि नव्वद किलोमीटरवरच्या देशाबद्दल ज्यांना जिव्हाळा होता त्यांची भीती वाटणे अगदीच अनाकलनीय नव्हते. भीती खरी होती. पुरावा नव्हता. आणि या दोहोंमधले अंतर ज्याने भरून काढायचे असते त्या न्यायालयाला गव्हर्नरने बाजूला ठेवले, एवढे म्हणायला हरकत नाही.

‘ब्रेकनशायर’ महिन्याभरात परत माल्टाकडे निघाले, या वेळी सामान घेऊन. इथे माझ्या जुन्या धंद्याचा विषय येतो, म्हणून जरा थांबतो.

२० मार्च १९४२ रोजी अलेक्झांड्रियाहून चार मालवाहू जहाजे सुटली : ‘ब्रेकनशायर’, ‘क्लॅन कॅम्बेल’, ‘पाम्पास’ आणि ‘तालाबोत’. मिळून सुमारे सव्वीस हजार टन माल. वाटेत इटालियन आरमाराशी मोठी झुंज झाली आणि तिच्यामुळे उशीर झाला. रात्रीऐवजी जहाजे दिवसाउजेडी माल्टाजवळ आली. ‘क्लॅन कॅम्बेल’ बेट दिसण्याच्या बेतात असताना बुडाले. ‘ब्रेकनशायर’ अधू झाले, ओढत ओढत दक्षिणेच्या उपसागरात नेले आणि २७ मार्चला तिथे बुडाले. पण ‘पाम्पास’ आणि ‘तालाबोत’ २३ मार्चच्या सकाळी ग्रँड हार्बरमध्ये शिरली. तटबंदीवर माणसांची गर्दी उसळली. लोक रडत होते, टोप्या उडवत होते.

आणि मग? मग तीन दिवस ती जहाजे तिथे उभी राहिली. जहाज बंदरात लागले म्हणजे माल आला असे नसते, हे गोदीतल्या पोऱ्यालाही कळते. होल्ड उघडायचे, विंच चालवायची, माल लायटरमध्ये उतरवायचा, धक्क्याला न्यायचा, लॉरीत भरायचा आणि लॉरी तिथून हलवायची, यातली एक कडी अडली की सगळे अडते. माल्टात बहुतेक सगळ्याच कड्या अडल्या. हल्ल्याचा भोंगा झाला की काम बंद. रात्री काम नाही. सैनिकांना मदतीला लावलेले नाही. धक्क्यांपासून कोठारांपर्यंत लॉऱ्यांची शिस्त नाही. २६ मार्चला जर्मन विमानांनी दोन्ही जहाजे टिपली. तोवर जेमतेम आठशे टन उतरले होते. ‘तालाबोत’च्या पोटात दारूगोळा होता आणि जहाज पेटले होते. ते फुटले असते तर बंदर आणि भोवतालची वस्ती गेली असती. लेफ्टनंट डेनिस कॉपरव्हीट नावाच्या अधिकाऱ्याने जळत्या जहाजाच्या बाजूला सुरुंग लावून ते मुद्दाम बुडवले. त्यालाही जॉर्ज क्रॉस मिळाला. बुडालेल्या जहाजांच्या होल्डमधून मागाहून काढलेला माल धरूनही, सव्वीस हजारांतले पाचेक हजार टनच बेटाच्या हाती लागले.

दोष कुणाचा यावर बरीच कागदपत्रे आहेत. बरेच इंग्रज लेखक माल्टी हमालांच्या भित्रेपणाकडे बोट दाखवतात. मला ते मान्य नाही. उघड्या लायटरवर, डोक्यावर स्टुका घोंगावत असताना, कमी मजुरीवर आणि घरी उपाशी मुले ठेवून जो माणूस काम थांबवतो त्याला भित्रा म्हणणे सोपे असते. नियोजन करायचे काम कचेरीत बसलेल्यांचे होते. पुरावा ऑगस्टमध्ये मिळाला. त्या वेळी उतरवणीची आगाऊ योजना केली, तिला धान्याच्या रोमन देवतेवरून ‘सेरीस’ असे सांकेतिक नाव दिले, सैनिक आणि हमाल पाळ्यांनी लावले, लॉऱ्यांचे एकेरी मार्ग आखले आणि बत्तीस हजार टनांवर माल आठवड्याभरात कोठारांत गेला. हमाल बरेचसे तेच होते.

याच ठिकाणी एक आपल्याकडचा धागा आहे. ‘क्लॅन’ नावाच्या जहाजांची कंपनी हिंदी खलाशी घेण्यासाठी ओळखली जाई. इंग्रज कंपन्यांच्या अशा जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडच्या खाडीकाठची माणसे, बॉयलरपाशी सिल्हेटकडची, भटारखान्यात गोव्याची, अशी वाटणी असे. कोकणात ‘बोटीवर आहे’ एवढ्यावर घरचे थांबत; बोट कुठल्या युद्धात आहे हे कुणी विचारत नसे. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हजारो हिंदी खलाशांची नावे एका स्मरणग्रंथात आहेत. त्याची एक प्रत मुंबईत मशीद बंदराकडच्या खलाशीगृहात आणि दुसरी चितगावला. माल्टाच्या वेढ्यावरच्या मी वाचलेल्या पुस्तकांच्या सूचीत मात्र एकाही हिंदी खलाशाचे नाव मला सापडलेले नाही.

एप्रिल १९४२ हा सगळ्यात भयंकर महिना. एका महिन्यात सुमारे ६,७०० टन बाँब. ७ तारखेला व्हॅलेटाचे ऑपेरागृह गेले. ९ तारखेला दुपारी मोस्ता गावच्या भव्य घुमटाच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी तीनेकशे माणसे जमली असताना बाँब घुमट भेदून आत पडला, घरंगळला आणि फुटला नाही. त्या बाँबमध्ये वाळू आणि चेक कामगारांची चिठ्ठी होती, असे सांगतात. गोष्ट सुंदर आहे, तिला आधार नाही. त्यानंतर सहा दिवसांनी पदक जाहीर झाले. आणि ५ मे रोजी पावावर रेशन आले : माणशी दिवसाला साडेदहा औंस. म्हणजे तीनशे ग्रॅम, आपल्या लादीतले सहा-सात पाव. पाव हेच ज्यांचे मुख्य अन्न, दुपारी शेतात वा गोदीत पाव आणि त्यावर टोमॅटो-तेल एवढेच ज्यांचे जेवण, त्यांच्यासाठी याचा अर्थ काय होतो तो ज्वारीच्या भाकरीवर जगणाऱ्याला कळेल. पिठात बटाटा मिसळायला लागले. रॉकेल मिळेना म्हणून पडक्या घरांच्या दारांची-खिडक्यांची लाकडे चुलीत गेली.

मग सरकारी सामुदायिक स्वयंपाकघरे आली, ‘व्हिक्टरी किचन्स’. इंधन वाचावे म्हणून एके ठिकाणी शिजवायचे आणि लोकांनी आपापली भांडी घेऊन रांगेत यायचे. त्यासाठी आपल्या शिध्याचा काही भाग सोडून द्यावा लागे. १९४३ च्या सुरुवातीला अशी सुमारे दोनशे स्वयंपाकघरे होती आणि निम्म्याहून जास्त बेट त्यांवर जेवत होते. मिळायचे काय? पातळ भाज्यांचे सूप, डबाबंद मांस, कधी बकरीचे. माल्टात तोवर बकऱ्या दारोदार हिंडवून दूध समोर काढून देण्याची रीत होती (याच दुधातून पसरणारा ताप वैद्यकात ‘माल्टा ताप’ म्हणून प्रसिद्ध आहे). चारा संपला, बकऱ्या कापल्या गेल्या. जेवणाबद्दल लोकांनी मनसोक्त तक्रारी केल्या आणि वर्तमानपत्रांत त्या छापूनही आल्या. ‘टाइम्स ऑफ माल्टा’ची संपादक मेबल स्ट्रिकलंड ही बाई. कचेरीवर बाँब पडूनही वेढ्यात तिच्या पत्राचा एक अंकही चुकला नाही. रांगेतल्या बायकांची कुरकुर हेच मला त्या काळातले सर्वांत विश्वासार्ह कागदपत्र वाटते. उपाशी माणूस शूर असू शकतो, पण सूप बेचव आहे हे म्हणायचा हक्क तो सोडत नाही.

पाणबुड्यांच्या टाक्यांत भरून रॉकेल-पेट्रोल येई, औषधे येत, पत्रे येत. ते थेंब होते. नवे गव्हर्नर लॉर्ड गॉर्ट सायकलवरून हिंडत. बेटावरचे अन्न कोणत्या तारखेला संपेल आणि शरण जावे लागेल, याचा हिशेब मोजक्या अधिकाऱ्यांनाच ठाऊक होता. जूनमध्ये दोन दिशांनी निघालेल्या दोन काफिल्यांतली केवळ दोन जहाजे पोचली. हिशेबाप्रमाणे बेट तो उन्हाळा संपेपर्यंत जेमतेम टिकणार होते.

ऑगस्टमध्ये चौदा मालवाहू जहाजांचा प्रचंड काफिला निघाला. ९ ऑगस्टच्या रात्री तो जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडत होता. त्याच दिवशी पहाटे मुंबईत गांधीजींना आणि काँग्रेसच्या नेत्यांना पकडून नेले होते. साम्राज्याच्या एका टोकाला प्रजेला वाचवण्यासाठी आरमार पणाला लागले होते आणि दुसऱ्या टोकाला प्रजा तुरुंगात भरली जात होती. दोन्ही हुकूम लंडनच्या त्याच मंत्रिमंडळाच्या छत्राखाली निघालेले. चौदांतली नऊ जहाजे बुडाली. चार जहाजे १३ आणि १४ तारखेला पोचली. सगळ्यांचे प्राण अडकले होते ते ‘ओहायो’ या तेलवाहू जहाजात. त्याचे इंधन आले नाही तर चक्क्या, पंप, विमाने सगळेच बंद. ते इतके फुटले होते की दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून, डेकवर पाणी येत असताना, रांगत आणले गेले. ते बंदरात शिरले तो दिवस १५ ऑगस्ट, सांता मारियाचा सण. मोस्ताचे चर्चही तिचेच. आजही माल्टात या काफिल्याला आरमाराने दिलेल्या नावाने कुणी ओळखत नाही. तो त्यांच्यासाठी ‘सांता मारियाचा काफिला’ आहे.

१३ सप्टेंबरला व्हॅलेटाच्या राजवाडा चौकात, ढिगाऱ्यांच्या मध्ये, पदकप्रदानाचा समारंभ झाला. बेटाच्या वतीने ते पदक स्वीकारले सरन्यायाधीश सर जॉर्ज बोर्ग यांनी. हे कोण? मेर्चिएकांना खाली उतरवल्यावर त्यांच्या खुर्चीवर बसलेले. जुने सरन्यायाधीश त्या दिवशी युगांडात होते.

दोन महिन्यांनी याच जॉर्ज बोर्ग यांच्यापुढे एक खटला आला. कार्मेलो बोर्ग पिसानी, वय सत्तावीस, सेंग्लियाचा. रोमला चित्रकला शिकायला गेला आणि मुसोलिनीच्या भजनी लागला. माल्टा इटलीचाच भाग आहे, इंग्रजांपासून त्याला सोडवायचे, एवढेच त्याच्या डोक्यात. दृष्टी अधू, सैनिकी अंग नाही. १८ मे १९४२ च्या सुमारास इटालियनांनी त्याला हेर म्हणून दिंगलीच्या कड्याखाली उतरवले. समुद्र खवळलेला होता, त्याची सगळी सामग्री वाहून गेली आणि तो कड्याखालच्या खडकात अडकला. शेवटी त्याने स्वतःच मदतीसाठी हाका मारल्या. खोटी कागदपत्रे होती. पण लष्करी इस्पितळात ज्या माल्टी डॉक्टराने त्याला पाहिले तो त्याचा लहानपणचा ओळखीचा निघाला. बेट फार लहान असते, त्याचाच हा परिणाम.

त्याची बाजू घेणे मला शक्य नाही. ज्या विमानांनी त्याच्या स्वतःच्या गावाची घरे पाडली त्यांच्या बाजूने तो आला होता. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. बेटावर सापडलेला हा हेर रोमहून आला होता. हद्दपार झालेल्या त्रेचाळीसांशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि त्याला जे मिळाले ते त्या त्रेचाळीसांपैकी कुणालाच मिळाले नाही : आरोपपत्र, वकील आणि न्यायालय.

१९ नोव्हेंबरला तीन माल्टी न्यायाधीशांनी त्याला फाशी सुनावली. २० नोव्हेंबरला पूर्वेकडून चार जहाजांचा काफिला एकही जहाज न गमावता बंदरात आला आणि वेढा उठला असे मानले जाते. २८ नोव्हेंबरला कोराडिनो तुरुंगात बोर्ग पिसानीला फाशी दिली. इटलीने त्याला सुवर्णपदक दिले. म्हणजे त्याच वर्षी त्याच बेटासाठी दोन राष्ट्रांनी दोन परस्परविरोधी पदके काढली.

त्याच नोव्हेंबरात बेटावर पोलिओ आला. पुढच्या काही महिन्यांत चारशेहून अधिक रुग्ण झाले, बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुले. त्यांतली बरीचशी वेढ्यात जन्मलेली किंवा वेढ्यात चालायला शिकलेली. ऑक्सफर्डहून अस्थितज्ज्ञ हर्बर्ट सेडन यांना बोलावले गेले आणि त्यांनी त्या साथीचा बारकाईने अभ्यास करून ठेवला. दीड हजाराच्या आसपास नागरिक बाँबहल्ल्यांत मेले असे वेढ्याच्या इतिहासात लिहिलेले असते. ही मुले त्या आकड्यात येत नाहीत, कारण तोवर वेढा संपला होता.

युगांडातली माणसे मार्च १९४५ मध्ये परतली. गनादोंनी पुढे त्या काळावर माल्टीत अनेक खंडांचे आत्मकथन लिहिले आणि ते तिथे घरोघरी वाचले गेले. मेर्चिएकांना त्यांची खुर्ची परत मिळाली नाही. एन्रिको मित्सी, ज्यांना बेटावर ठेवणे धोक्याचे होते, सप्टेंबर १९५० मध्ये त्याच बेटाचे पंतप्रधान झाले आणि डिसेंबरमध्ये पदावर असतानाच वारले.